मामींची पश्चिमेची खिडकी

माझं नाक बिघडलं ते चेन्नईत, आणि तेही सर्दीपडशानं नव्हे, नोकरीनं. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. माझ्या बरोबरीच्या मुली पुण्याहून, साताऱ्याहून निघून चेन्नईत यायच्या आणि काचेच्या इमारतीत थंडगार हवेत कॉम्प्युटरपुढे बसायच्या. मी इंजिनिअर होऊन आले आणि बसले कचऱ्याच्या खड्ड्याच्या काठावर. अड्यारमधल्या एका बाजारामागं आमच्या कंपनीनं वस्तीसाठी छोटा प्रकल्प उभा केला होता. बाजारातली सडकी भाजी, हॉटेलांमधलं उरलंसुरलं, जेवणाच्या केळीच्या पानांचे ढीग, सगळं तिथं यायचं, दळलं जायचं, बंद टाकीत कुजायचं, आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर जनरेटर चालून आसपासच्या गल्ल्यांमधले रस्त्यावरचे दिवे लागायचे. दिवे लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वास यायला लागला तेव्हा त्याच लोकांनी आमच्या फाटकाशी येऊन आरडाओरडा केला. तो वास घालवायचं काम माझ्याकडे होतं.

मिरजेला फोन केला की आई विचारायची, "म्हणजे तू तिथं नेमकं करतेस काय?" मी म्हणायचे, "गंधनियंत्रण." शब्द मोठा असला की आई गप्प बसते. फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघी मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी माझ्यासाठी साबण आणि बादली थेट दाराबाहेर ठेवली होती. बसमध्ये कितीही गर्दी असो, माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, आणि मी ऐसपैस बसून घरी यायचे. वरवर मी हे सगळं हसण्यावारी न्यायचे, पण आतून चिडायचे. उष्टं यांच्याच पानातलं, आणि नाक मुरडायचं तेही यांनीच, हे मला पटत नसे. आजही पटत नाही.

वास घालवायची आमची पद्धत तशी साधी होती. कचरा उतरवायची शेड चारी बाजूंनी बंद. तिच्यातली घाणेरडी हवा एक मोठा ब्लोअर सतत ओढून घ्यायचा आणि पाइपांतून मागच्या अंगणातल्या एका वाफ्याखाली सोडायचा. वाफा म्हणजे खरोखरचा वाफाच, फक्त बागेतले चार-पाच वाफे एकत्र केल्याएवढा. नारळाच्या सोडणांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या आणि मुरलेलं जुनं खत यांचा जाड थर. तो कायम ओलसर ठेवायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढायचे आणि खालून वर येणाऱ्या हवेतली घाण खाऊन टाकायचे. वर आलेल्या हवेला फक्त पावसाळी जंगलासारखा मातकट वास उरायचा. निदान कागदावर तरी असंच होतं.

प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्या वाफ्यानं माझ्या नाकी नऊ आणले. पाणी कमी झालं की तो भेगाळायचा आणि हवा भेगांतून तशीच वर यायची. पाणी जास्त झालं की आतून आंबायचा. हॉटेलांचं सांबार एखाद्या दिवशी जास्त आलं, त्यातली चिंच टाकीला बाधली, की सडक्या अंड्यांचा भपकारा यायचा. शिवाय मला ते सगळं कळायचं उशिरा, कारण रोज त्याच वासात बसवलं की नाकसुद्धा हात टेकतं. फाटकात शिरताना येणारा पहिला भपकारा तेवढा माझा. चहाचा पेला संपेपर्यंत मला सगळं जग बिनवासाचं वाटायला लागायचं. आमचे मेस्त्री, म्हणजे यंत्रं सांभाळणारे पन्नाशीचे गृहस्थ, तेही तसेच. आम्ही दोघं वाफ्यावर वाकून हुंगायचो, एकमेकांकडे बघायचो आणि दोघांनाही काही कळायचं नाही.

कळायचं ते मामींना. प्रकल्पाच्या पूर्वेला, भिंतीपलीकडे त्यांचं जुनं बैठं घर होतं. मूळच्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगलोरला. त्या वीणा शिकवायच्या. सगळी वस्ती त्यांना मामी म्हणायची, आणि मामी हा शब्द मराठीतही असल्यामुळे मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. पहिल्यांदा त्या मला भेटल्या त्या भांडायलाच. तमिळमध्ये भांडत होत्या. माझं तमिळ इतकं दिव्य होतं की वैतागून मी मराठीत पुटपुटले, "आता हिला कसं समजावू?" मामी थबकल्या. मग कुठल्यातरी जुन्या पोथीतून उतरावं तसं, पण तमिळ हेल काढून त्यांनी विचारलं, "हिला म्हणजे कोणाला ग?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांना मात्र भांडण विसरायला तेवढं पुरलं. मी मिरजेची म्हटल्यावर तर त्यांचा चेहराच बदलला.

"तंबोरे करतात तें गांव? मग तुज गातां येत असेल."

"नाही हो मामी. मला फक्त कचरा येतो."

"पापम," त्या म्हणाल्या. म्हणजे बिचारी. कोणाला म्हणाल्या कोण जाणे, मला की मिरजेला.

त्यांचं दुखणं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. समुद्रकाठच्या गावात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर उलटा फिरतो. म्हणजे सकाळभर आमचा सगळा वास पश्चिमेच्या खिडकीतून सरळ मामींच्या बैठकीच्या खोलीत. आणि वीणेची शिकवणी सकाळचीच. आया मुलींना घेऊन यायच्या, नाकाला पदर लावून बसायच्या, आणि एकेक करून यायच्या बंद झाल्या. मामींनी शिकवणी संध्याकाळवर नेली, तर संध्याकाळी मुलींना गणिताचे क्लास. ज्या खोलीत पूर्वी चटईवर जागा मिळत नसे तिथं आता दोन-तीन मोठ्या मुली उरल्या होत्या, आणि त्याही लग्न होऊन किंवा कॉलेज संपून जायच्या वाटेवर होत्या. मामींच्या फाटकाशी बसून फुलं विकणारी बाईसुद्धा मला बघितलं की तमिळमध्ये काहीतरी पुटपुटायची. मेस्त्री भाषांतर करायला नकार द्यायचे. एकदाच म्हणाले, "तिचं म्हणणं, मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा नाकाशी नेला तरी गिऱ्हाइकाला तुमचाच वास येतो."

मी मामींना सांगितलं, "मला मदत करा. माझं नाक गेलंय. तुमचं शाबूत आहे."

तेव्हापासून आमची एक रीत बसली. सकाळी मामी स्वयंपाक उरकून बैठकीच्या खोलीत आल्या की पश्चिमेची खिडकी उघडायच्या. वास नसला तर खिडकी उघडीच. किंचित असला तर एक दार लोटलेलं. जास्त असला तर धाडकन दोन्ही बंद, आणि तो आवाज मला अंगणात ऐकू यायचा. मग मी वाफ्याकडे धावायचे. कंपनीनं मला एक महागडं यंत्र दिलं होतं, हवेतले वायू मोजणारं. ते कुलपातच राहिलं. खिडकीवर माझा जास्त विश्वास होता.

कधी मामी गजाला नाक लावून नुसतं निदान सांगायच्या. "आज सांबार आंबलें ग." "आज ओल्या लांकडासारखें येतंय, हें चालेल." एकदा त्यांनी विचारलं, "त्या वाफ्यांत आहे तरी काय?" मी त्यांना आत नेऊन दाखवलं, जीव असतात, घाण खातात, त्यांना हवा आणि ओल सतत लागते वगैरे सांगितलं. मामींनी वाफ्याला हात लावला. आतून तो कोमट असतो. "वेताळाला कोंडून ठेवलेंस तूं," त्या म्हणाल्या आणि खूश होऊन घरी गेल्या.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही वाफा पूर्ण उपसून नव्यानं भरला. पाइपांची भोकं मोठी केली. पाण्याचे फवारे बदलले. हॉटेलांचं सांबार वेगळ्या पिंपात घेऊन थोडं थोडं टाकीत सोडायला लागलो. आणि आडी-आवणीच्या महिन्यांत, म्हणजे आपल्याकडच्या श्रावणाच्या आगेमागे, असं झालं की मामींची खिडकी आठवडेच्या आठवडे उघडी राहिली. सकाळी फाटकातून आत शिरताना मी आधी तिकडे बघायचे. उघडी खिडकी आणि आतून वीणेची एखादी तार जुळवल्याचा आवाज. मला एवढा आनंद आयुष्यात परीक्षेच्या निकालांनीही दिला नव्हता.

बातमी वस्तीत पसरली. जुन्या विद्यार्थिनींच्या आया चौकशीला आल्या. धाकट्या मुलींना बसवायचं म्हणू लागल्या. तमिळ घरांत मूल पहिल्यांदा गाण्याला, नाचाला, अक्षराला बसतं ते विजयादशमीला. आपल्या दसऱ्याला. त्या सकाळी चांगली वेळ बघून गुरू मुलाचं बोट धरतो आणि सुरुवात करून देतो. त्या दिवशी जिथं बसलं तिथंच ते मूल पुढं शिकतं. मध्येच गुरू बदलणं बरं मानत नाहीत. त्यामुळे मामींसाठी अख्खं वर्ष त्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं.

त्यातली खरी गोष्ट त्यांनी मला टी. नगरमध्ये सांगितली. आयांना द्यायच्या तांबुलाच्या, म्हणजे विड्याची पानं, केळी, नारळ घालायच्या, पिशव्या घ्यायला आम्ही तिकडे गेलो होतो. साड्यांच्या दुकानांपुढच्या त्या चेंगराचेंगरीत, मला कोपरानं ढकलत मामी म्हणाल्या, "पोर मज सारखा म्हणतोय, आम्मा, बंगलोरला ये, एकटी कशाला राहातेस. मी म्हटलें, सेरी, बरें. या विजयादशमीला नवीं पोरें बसलीं तर मी येथेंच. न बसलीं तर तुजकडे येतें."

"बसतील मामी."

"तुझ्या वेताळाला सांग." आणि त्यांनी पिशव्यांवरचा मोराचा रंग पसंत नाही म्हणून दुकानदाराशी वाद सुरू केला. कुणाचं घर आपल्या ब्लोअरवर उभं आहे हे माहीत नसलेलंच बरं असतं.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, मिरजेत आमच्या घरी वडिलांचा रेल्वेतला पाना आणि आईची विळी देवापुढे असायची. पण तंजावरपासून चेन्नईपर्यंत या गोष्टीला जी धार आहे ती मी तिथंच पाहिली. त्या दिवशी रिक्षापासून गिरणीपर्यंत सगळं धुतलं जातं, चंदन-कुंकू लागतं, माळ चढते, आणि पूजा झाली की यंत्राला विश्रांती. दुसऱ्या दिवशी चांगली वेळ, त्यांच्या भाषेत नल्ल नेरम, बघून मगच ते पुन्हा चालू करायचं. मधल्या वेळात त्याला हात लावायचा नाही.

मेस्त्रींनी आदल्या आठवड्यापासून तयारी केली होती. कचरा दळायचं यंत्र, पंप, जनरेटर, सगळं तेलाच्या फडक्यानं पुसून चकचकीत. शेडच्या दाराला दोन्हीकडे केळीचे खुंट. मी म्हटलं, सगळं बंद ठेवा, एक दिवस गल्लीतले दिवे नेहमीच्या विजेवर लागतील. पण ब्लोअर बंद करायचा नाही.

"मॅडम, तोही यंत्रच आहे."

"तो बंद झाला तर वाफ्यातले जीव गुदमरतील. वाफा आतून आंबेल. आणि उद्या तुम्ही बटण दाबाल तेव्हा शेडमधली शिळी घाण आणि त्या आंबलेल्या वाफ्याची घाण, दोन्ही एकदम बाहेर येतील. आणि सणाचा कचरा किती येणार आहे ते बघा."

सणाचा कचरा म्हणजे काय ते सांगायला हवं. आयुधपूजेला प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक गाडीपुढे कोहळा फोडतात, आत कुंकू भरून. दुपारपर्यंत सगळे रस्ते लाल-पांढऱ्या गराचे. तो गर, झेंडूचे ढीग, केळीचे खुंट, पानं, सगळं आमच्याकडे. आणि दळायचं यंत्र बंद असल्यामुळे ते रात्रभर तसंच पडून राहणार. मेस्त्रींना हे सगळं कळत होतं. तरी त्यांचं तोंड उतरलं. तरुणपणी ते एका कारखान्यात लेथवर होते. आयुधपूजेला यंत्र चालवणं म्हणजे त्यांच्या मते आजारी माणसाला नांगराला जुंपणं. शेवटी तडजोड झाली. ब्लोअरला माळ घालायची, कुंकू लावायचं, पण तो चालू राहील. चालू ब्लोअरनं माळेतल्या दोन पाकळ्या ओढून घेतल्या. ते बघून मी हसले. मेस्त्री हसले नाहीत.

दुपारी नारळ फुटला, चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला आणि मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला प्रकल्पावर जायचंच नव्हतं. मामींनी मला सकाळी घरी बोलावलं होतं, साडी नेसून, पाहुणी म्हणून.

विजयादशमीच्या सकाळी मामींच्या बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवलं तेव्हा मला भरून आलं. कोपऱ्यात पायऱ्यांवर कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या आरासाच्या, बाहुल्या मांडलेल्या, त्यांच्यापुढे आदल्या दिवसापासून रेशमी कापडाखाली झाकून ठेवलेली वीणा. चटईवर दाटीवाटीनं आया, आणि त्यांच्या मांडीवर परकर-पोलक्यातल्या, केसांत अबोली माळलेल्या लहानग्या मुली. किती तरी दिवसांनी त्या खोलीत जागा उरली नव्हती. आणि पश्चिमेची खिडकी सताड उघडी. मामींनी तिच्या गजांना सुद्धा झेंडूचं तोरण बांधलं होतं.

"आज ती मिटणार नाहीं," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून बसले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, ती घरघर नाही. त्या खोलीत बसलं की भिंतीपलीकडून ब्लोअरची सतत घरघर ऐकू यायची, इतकी सवयीची की कुणाचं लक्षही जात नसे. ती नव्हती. मी आयांचे चेहरे बघायला लागले, कारण माझ्या नाकाचा उपयोग नव्हता. एक-दोघी नाकाशी रुमाल नेत होत्या. एकीनं दुसरीकडे बघितलं. अजून कुणी काही बोललं नव्हतं. मी उठायला गेले, पण दारात चपलांचा आणि माणसांचा गराडा होता, आणि तेवढ्यात मामींनी घड्याळाकडे बघितलं. चांगली वेळ लागली होती.

त्यांनी कापड बाजूला केलं. पहिली मुलगी पुढं सरकली. मामींनी तिचं इवलंसं बोट धरलं, तारेवर ठेवलं आणि पहिला षड्ज वाजला. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे ब्लोअर सुरू झाला.

पंचांग एकच, वेळ एकच. मेस्त्रींनीही तीच गाठली होती.

आता काय होणार हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पाइपातून हवा वाफ्याखाली पोचायला आणि वाफ्यातून वर येऊन वाऱ्याबरोबर खिडकीत शिरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी नुसती उभी होते. मग तो आला. तो इतका होता की मलाही आला. सडकं, आंबट, गळ्यात अडकणारं. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम उठल्या. वीणेपुढच्या मुलीनं मामींच्या मांडीवर ओकारी केली आणि रडायला लागली. कुणीतरी घाईघाईनं ऊद घातला, तर धुराबरोबर ते आणखीच असह्य झालं. मामी मुलीचं तोंड पदरानं पुसत होत्या आणि आयांना म्हणत होत्या, "इरुंगो, इरुंगो," थांबा, थांबा. कुणी थांबलं नाही. एक आई बाहेर जाताना दुसरीला म्हणाली की चांगली वेळ अजून आहे, पलीकडच्या गल्लीत त्या दुसऱ्या बाई शिकवतात तिथं पोचता येईल. अपशकुनाचं तर कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही, पण तोंडावर सगळ्यांच्या तेच होतं. तांबुलाच्या पिशव्या दाराशी रांगेनं तशाच राहिल्या.

मी साडी खोचून भिंतीला वळसा घालून धावत प्रकल्पावर गेले. मेस्त्री ब्लोअरपुढे हात जोडून उभे होते, कपाळाला भस्म, नवा सदरा. माझा तोल गेला. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, मध्येच मराठीत, जे तोंडाला येईल ते बोलले. सांगितलं होतं ना? कुणी बंद केला? कुणाला विचारून? बाईंचं घर बुडवलंत. मेस्त्री खाली बघत राहिले. त्यांच्या गप्प बसण्यानं मी आणखीच पेटले. कंपनीत सांगते, उद्यापासून येऊ नका, इथपर्यंत माझी मजल गेली.

"त्यांना रागें भरूं नको."

खिडकीत मामी उभ्या होत्या. पातळ बदललेलं नव्हतं, तोरण गजांना तसंच.

"मींच सांगितलें," त्या म्हणाल्या. "काल सांजेला प्रसादाचें सुंडल, हरभऱ्याची उसळ, घेऊन आलें होतें. तूं गेलेली. अवघीं यंत्रें निजलेलीं, हें एकटें राबत होतें. माझी वीणासुद्धां निजलेली. मी म्हटलें, पापम, यालाच कां नको विश्रांति? एक रात्र निजूं दे. सकाळीं चांगल्या वेळेला उठव."

मेस्त्रींनी तेव्हाही मान वर केली नाही. वेताळाला कोंडलंय म्हणून खूश होणाऱ्या, वाफ्याला हात लावून बघणाऱ्या मामी. मीच तर त्यांना तो सगळा प्रकार जिवंत असल्याचं सांगितलं होतं. जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी त्याला दमलेलंही मानलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

"तुज माहीत होतें, बंद केलें की असें होतें?"

"हो."

"मज नव्हतें ग," मामी म्हणाल्या. मग त्यांनी एकेक करून खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली. हळूच, आवाज न करता. तोरण बाहेरच्या बाजूला लटकत राहिलं. त्या दिवशी मी अंगणात बसून रडले आणि मेस्त्रींनी मला चहा आणून दिला.

दिवाळीच्या आधी मुलगा गाडी घेऊन आला. भला माणूस होता, माझ्याशी अदबीनं बोलला, आमच्या कामाचं कौतुकही केलं. मला ते कौतुक चटक्यासारखं लागलं. मामींनी बाहुल्या कापडात गुंडाळल्या होत्या. वीणा सगळ्यात शेवटी, त्यांच्या मांडीवर. तांबुलाच्या पिशव्यांमधले नारळ त्यांनी फुलवालीला आणि आमच्या माणसांना वाटून टाकले होते. विड्याची पानं आणि केळी काळी पडलेली, ती त्यांच्या दारातल्या टोपलीतून कचऱ्याबरोबर आमच्याच खड्ड्यात आली. मी ती ओळखली. मोराची एक पिशवीही त्यात होती, ती मी उचलून बाजूला ठेवली.

"मामी, तुम्ही राहा ना," मी गाडीच्या खिडकीशी वाकून म्हटलं. "एक वर्ष. पुढच्या वर्षी मी स्वतः रात्रभर ब्लोअरपाशी बसते."

"पोराला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि तो हात स्वतःच्या नाकाशी नेला. "तुज अजून वास येतो ग. नीट आंघोळ कर." त्या हसल्या. "जाऊन येतें."

तिकडे कुणी 'जाते' म्हणत नाही, 'जाऊन येते' म्हणतात. मामी परत आल्या नाहीत. बंगलोरच्या त्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना वीणेचा आवाज चालत नाही, असं नंतर एकदा फोनवर त्यांनीच सांगितलं.

घर बंद राहिलं. सकाळी फाटकातून शिरताना माझी नजर सवयीनं त्या खिडकीकडे जायची आणि मला काही समजायचं नाही. वास आहे की नाही, ते मिटलेली खिडकी सांगत नसे. कुलपातलं यंत्र मी बाहेर काढलं. ते आकडे दाखवायचं. मी ते कंपनीला पाठवायचे. सगळे आकडे उत्तम होते.

पुढच्या वर्षी आयुधपूजेला मेस्त्रींनी मी न सांगताच ब्लोअर चालू ठेवला. त्याला माळ घातली, कुंकू लावलं आणि त्याच्यापुढे उभं राहून बराच वेळ क्षमा मागितली. मला वाटतं, ती एकट्या ब्लोअरची मागितलेली नव्हती. विजयादशमीला सकाळी मी लवकर आले. वारा नेहमीसारखा जमिनीकडून समुद्राकडे होता. रस्ते कोहळ्यांच्या गरानं भरलेले. ब्लोअरची घरघर चालू होती. चांगली वेळ लागली तेव्हा मी भिंतीला वळसा घालून मामींच्या घरापुढे गेले आणि पश्चिमेच्या खिडकीखाली उभी राहिले. मला काहीच वास येत नव्हता, पण माझ्या नाकाचा काय भरवसा. फाटकाशी फुलवाली मल्लिगे ओवत बसली होती.

"अम्मा, वास येतोय का?" मी तिला विचारलं.

तिनं मान वर केली. नाक फुगवून एकदा, दोनदा हवा ओढली.

"कसला वास?" ती म्हणाली, आणि बंद खिडकीकडे एकवार बघून पुन्हा फुलं ओवायला लागली.